मावशी कुणाचं ऐकते

प्रिय सूनबाई,

पत्र बघून घाबरू नकोस. कुणी मेलेलं नाही, कुणी पडलेलं नाही आणि माझे गुडघेही अजून माझेच आहेत. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'मावशी' एवढा शब्द काढायचा अवकाश, की तुझ्याकडे विद्यार्थी येतात, नाहीतर दारात गाडी येते, नाहीतर रेंज जाते. एका घोडीचं नाव ऐकून जाणारी रेंज मी तरी दुसरीकडे कुठे बघितली नाही. पत्राचं बरं असतं. रागाने टेबलावर आपटलं तरी उरलेलं वाचायची खाज जात नाही. तेव्हा आधी आपटून घे, मग चहा ठेव आणि वाचायला बस. अक्षर गावच्या शाळेतलं आहे, ते आता सुधारायचं नाही. तुझे सासरे घोड्यांचे मास्तर, ते म्हणायचे, तुझी ओळ डाव्या पायाने सुरू होते आणि वाटेत चाल बदलते.

आधी तुझ्या निरोपाचं बघू. मावशीला तळ्याकाठच्या हॉटेलवाल्याला देऊन टाका, महिनाअखेर तो न्यायला येईल, असा निरोप तू माझ्या लेकाच्या तोंडून पाठवलास. तो बिचारा तुझा निरोप पाठ करून आला होता, लहानपणी कविता म्हणायचा तसा, छताकडे बघत. घोडी तुझी. तुझ्या लग्नात मास्तरांनी ती तुला दिली, तेव्हा मला विचारलंसुद्धा नव्हतं, मी मात्र सगळ्यांना 'आम्ही दिली' म्हणून सांगत फिरले. आता तू ती कुणाला दे नाहीतर देऊ नको, सासूने मध्ये पडू नये, हे मला कळतं. मी नुसती मधे उभी आहे, पडलेली नाही.

तर हॉटेलवाला आला. बुटांना इतकं पॉलिश की मावशीने त्यात आपलं तोंड बघितलं. मला विचारतो, ही काय काय करते? मी म्हटलं, ही नाचते. तर म्हणे, गाण्यावर? आता याला कुठून सुरू करायचं. मग त्याला मैदानावर नेलं, कडेने लावलेल्या अक्षरांच्या पाट्या दाखवल्या. सांगितलं, की बाबा, या पाटीपाशी दुडकी सुरू करायची, त्या पाटीपाशी गोल घ्यायचा, इथे कँटर म्हणजे संथ दौड, तिथे आडवी चाल, मध्यरेषेवर येऊन थांबायचं आणि सलामी द्यायची. याला ड्रेसाज म्हणतात. स्वाराने सगळं घोड्याला सांगायचं, पण पोटरीने, बसण्याने, बोटाने. बघणाऱ्याला ते दिसता कामा नये. एक पंच त्या टोकाला बसतो आणि प्रत्येक चालीला गुण देतो. स्वाराच्या ध्यानात राहावं म्हणून कडेला एक माणूस उभा राहून चाली मोठ्याने वाचतो, तेवढी मुभा असते. हे सगळं त्याने मन लावून ऐकलं आणि विचारलं, पर्यटक वर बसले तर फोटोत हलणार नाही ना? मी म्हटलं, घोडी नाही हलणार, पर्यटकाचं सांगता येत नाही. हसला बिचारा. माणूस वाईट नाही. मावशीने त्याच्या कोटाची एक बाही चाटून चाटून दोरखंड केली, तरी तो तिला 'गोड आहे' म्हणाला.

त्याला मी पुढच्या आठवड्यात या म्हणून परत पाठवलंय. का, ते वाचत जा, कळेल.

मास्तर गेल्यानंतरच्या त्या दोन स्पर्धा मी विसरले असं तुला वाटत असेल. पहिलीला कडेला वाचायला तुझा नवरा उभा राहिला. माझा लेक आहे, पण खरं ते सांगते, तो वाचायला लागला की वाटतं विजेचं बिल वाचतोय. तो 'कँटर' म्हणाला आणि मावशीने आरामात शेपूट झटकली. तू पोटरी लावलीस, तर तिने वळून तुझ्या बुटाकडे बघितलं, हे कोण आलं म्हणून. दुसरीला तू म्हणालीस, वाचणारा नकोच, मला सगळं पाठ आहे. पाठ होतंच तुला. पण मावशी मध्यरेषेवर येऊन उभी राहिली ती राहिलीच, आणि मान कडेला वळवून मास्तर उभे राहायचे त्या रिकाम्या जागेकडे बघत बसली. पंचाने बाद झाल्याची घंटा वाजवली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, मुकं जनावर दुःख करतंय म्हणून. तू खाली उतरलीस, टोपी काढलीस आणि मला एवढंच म्हणालीस, "आई, तिला मी नकोय." त्यानंतर तू तिच्या पाठीवर बसली नाहीस. शहरातल्या त्या मोठ्या पागेत नोकरी धरलीस आणि आता श्रीमंतांच्या पोरींना बांबूवरून उड्या मारायला शिकवतेस. उत्तम शिकवत असशील, कारण उड्या तुला मी शिकवल्यात. पण ड्रेसाजच्या मैदानाकडे पाठ करून उभी राहतेस, असं माझ्या कानावर आलंय. माझे कान लांब आहेत.

इकडचं सांगायचं तर पागा नीट चाललीय, रडगाणं नाही. सकाळच्या वेळेला विद्यार्थी भरपूर आहेत. त्यातले दोन तुला ओळखून ठेवायला हवेत, कारण पुढे त्यांचं काम आहे. एक आपली दातवाली बाई. दातांची डॉक्टर, हात लोण्यासारखे मऊ, पण खोगिरावर बसली की स्वतःचेच दात आवळते. मी तिला सांगितलं, बाई, तुमच्या खुर्चीत पेशंट जसा बसतो ना, तशा तुम्ही माझ्या घोड्यावर बसता. तेव्हापासून जरा सैल झालीय. दुसरे पेन्शनरकाका. जन्मभर ऑफिसात बसले, आता म्हणे बसायचंच तर घोड्यावर बसू. पाठ ताठ, पोट पुढे, बोलणं भरपूर. घोडा चालायला लागला की ते त्याला धन्यवाद देतात. घोड्यालाही सवय झालीय, तो धन्यवाद ऐकल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही.

मावशीला नुसती उभी ठेवून काय करायचं, म्हणून मी तिला हलक्या कामाला लावलं होतं. सगळे म्हणत, घोडी मठ्ठ झाली, मास्तरांच्या मागे तिचा जीव लागत नाही. मीही मान हलवायची. मग एका सकाळी काय झालं ते ऐक. दातवाली बाई मावशीवर होती. एक रिकीब लांब वाटली म्हणून ती बाजूला वाकून पट्ट्याच्या बकलाशी झटापट करत होती, लगाम मानेवर मोकळा सोडलेला. मी पाटीपाशी, मास्तर उभे राहायचे तिथेच, पेन्शनरकाकांना मास्तरांची नक्कल करून दाखवत होते. माझी नक्कल तुला माहीत आहे, तू हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावायचीस. मी पोट पुढे काढलं, हनुवटी वर केली आणि त्यांच्यासारखी खाकरले. ते कसे, काही म्हणायच्या आधी खाकरायचेच. जेवताना मीठ मागायचं तरी आधी खाकरणार. मला मागणी घातली तेव्हा एवढे खाकरले, की माझ्या वडिलांनी आत काढा करायला सांगितला. तर मी खाकरले आणि त्यांच्या आवाजात म्हटलं, "मध्यरेषेवरून आत. थांबा. सलामी."

मावशीने मान वर केली. वळली. मध्यरेषा धरून सरळ चालत आली आणि बरोब्बर मधोमध, चारी पाय चौरस ठेवून थांबली. वर दातवाली बाई अजून बकलाशी वाकलेली. सलामी तेवढी राहिली. मावशीला टोपी असती तर तिने तीही काढली असती.

पेन्शनरकाकांनी टाळ्या वाजवल्या आणि बाईंचं कौतुक केलं. बाई वर सरळ झाली आणि म्हणाली, "काकू, मी काहीच केलं नाही." तेव्हा माझ्या डोक्यात जे लख्ख झालं ते झालंच. मी तिला म्हटलं, आता तू मुळीच काही करायचं नाहीस, हाताची घडी घाल आणि पिठाच्या पोत्यासारखी बस. मग मी मास्तरांच्या आवाजात स्पर्धेतल्या चालींची ती अख्खी चाचणी वाचली, तू जिच्यावर चषक आणलास तीच. खाकरले, की मावशी आवरून सावरून तयार व्हायची; शब्द पडला, की चाल बदलायची. दुडकी, गोल, आडवी चाल, कँटर, पुन्हा दुडकी, सगळं. पोतं वर, घोडी खाली, आणि चाल अशी की पंचाने उठून उभं राहावं. मी शेवटी वाळूत बसून हसले. पोट धरून हसले. काकांना वाटलं मला चक्कर आली.

कळलं ना तुला? चषकाच्या कागदावर त्या पंचाने काय लिहिलं होतं, आठव. 'स्वाराचे इशारे दिसतच नाहीत.' तू तो कागद चौकटीत लावलास. अगं, दिसतील कुठून, ते नव्हतेच. आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं जे हातांचं कसब म्हणून मिरवलं, ते मास्तरांच्या घशाचं कसब होतं. मावशी अगदी शिंगरू होती तेव्हापासून त्यांनी तिला लांब दोरीवर फिरवलं, आवाजाने चालवलं, आवाजाने थांबवलं. पुढे पाठीवर माणूस आला, पण तिला वाटलं ते नुसतं ओझं, हुकूम त्या कडेच्या माणसाचा. आणि मास्तर कधी मैदानावरून हलले का? तू सराव करताना ते कडेला, स्पर्धेत ते कडेला. वाचणाऱ्याने नुसतं वाचायचं, मदत करायची नाही, असा नियम. म्हाताऱ्याच्या खाकरण्याला मदत कोण म्हणणार.

आता तुझा चेहरा मला इथून दिसतोय. खालचा ओठ आत गेला असेल. म्हणत असशील, म्हणजे माझं कधी काहीच नव्हतं, बरं झालं सोडलं ते. थांब जरा, पत्र आपटू नको, एकदा आपटून झालंय. तुझा हात सोन्याचा आहे असं तू मानत होतीस, ते खोटं. मग लाकडाचा आहे असं मानलंस, तेही खोटंच. मला ठाऊक आहे, कारण उड्यांचं मैदान माझं होतं. मास्तर घोड्यांना नाचवायचे, मी उडवायची, अशी आमची वाटणी, आणि आपापल्या हद्दीत दुसऱ्याने बोलायचं नाही. माझ्या हद्दीत तर कुणीच बोलायचं नाही. स्वार अडथळ्यांकडे निघाला, की मी तोंड मिटते, हे तुला माहीत आहे. एरवी मिटत नाही हेही तुला माहीत आहे. आणि तुझे सासरे? सून उडी मारतेय हे त्यांना बघवायचं नाही. बाकावर बसून टोपी डोळ्यांवर ओढायचे आणि संपलं का, संपलं का, एवढंच पुटपुटायचे.

उतारावरची ती निळी भिंत आठवते? आधीच्या तिघी तिथे अडल्या होत्या. मावशी वळणावरून आली, भिंत बघितली आणि तिची पावलं आखडली, मला लांबून दिसलं. तिथे तिला कुणी 'उडी' म्हणून वाचून दाखवलं नव्हतं. तू नजर भिंतीच्या पलीकडे ठेवलीस, पोटऱ्या मिटल्यास, हात पुढे दिलेस आणि ती गेली. ते कुणाचं ऐकून गेली? मास्तर टोपीत होते आणि मी तोंड मिटून होते. म्हणजे घोडी तुझं ऐकते. तिला तुझी पोटरी कळते, तुझं बूड कळतं. फक्त पाट्यांच्या मैदानात दुसरा कुणी तरी सोप्या शब्दांत सांगत होता, तेव्हा तुझं अवघड कशाला ऐका, एवढाच तिचा हिशोब. तुझा नवरासुद्धा असाच आहे. मी हाक मारेपर्यंत तू दिलेली हाक त्याला ऐकू येत नाही.

मास्तरांना हे माहीत होतं का, असा प्रश्न तुला पडेल. मलाही पडला. मी खूप विचार केला आणि माझं उत्तर आहे, नाही. ज्या माणसाला माझ्यापासून बिस्किटाचा पुडा लपवता आला नाही, तो एवढं मोठं पोटात ठेवणारच नाही. चषक आणलास त्या दिवशी जेवताना त्यांनी तुझ्या हातांचं इतकं कौतुक केलं, की मी माझे हात पदराखाली घेतले. त्यांना खरंच वाटत होतं. त्यांना तू आवडायचीस, आणि आवडत्या माणसाचं सगळं आपोआप बरोबरच दिसतं. मी तशी नाही. मला तू आवडतेस तरी तुझी डावी टाच वर जाते हे मला दिसतं.

मग आम्ही कामाला लागलो. आधी वाटलं, सोपं आहे, कानात कापूस घालू. मावशीने कापूस झटकून टाकला आणि वर त्यातला एक बोळा खाल्ला. मग ठरवलं, उलटं करायचं. मी मास्तरांच्या जागेवर उभी राहून त्यांच्या आवाजात एक सांगायचं, वर बसलेल्या दातवाल्या बाईने दुसरंच मागायचं, आणि घोडी बाईचं ऐकेल तेव्हाच तिला मान सैल सोडायची, खांद्यापाशी खाजवायचं. मी खाकरून म्हणायचं 'कँटर', बाईने श्वास सोडून पाठ जड करायची, थांब म्हणून. पहिले काही दिवस तर बाई थांबायची आणि घोडी जायची. एकदा दोघी वेगवेगळ्या दिशांना गेल्या. बाई वाळूत बसली आणि मला म्हणाली, काकू, दात काढणं सोपं आहे. मी म्हटलं, तुम्हाला. ज्याचे काढता त्याला विचारा. पण ती हटली नाही. आपण पोटरी लावतो म्हणजे नक्की काय करतो, हे तिला आत्ता पहिल्यांदा शोधावं लागत होतं, कारण आता आयतं काही होत नव्हतं. मावशी भयंकर चिडली. एवढी वर्षं जे बरोबर होतं ते एकदम चूक कसं झालं, असं तोंड करून उभी राहायची. मला तिची दया यायची, पण मी ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. सासूपणाची सवय उपयोगी पडली.

तिचे कान बघण्यासारखे होते. आधी दोन्ही कान माझ्याकडे. मग एक माझ्याकडे आणि एक मागे, पाठीवरच्या बाईकडे, आणि ती मधे अशी गोंधळलेली, की कुणाकडे जेवायला जाऊ. मग मागचा कान मागे राहायला लागला. मग दुसराही जायला लागला. शेवटी एका सकाळी मी अख्खी चाचणी उलटीपालटी वाचली, वाक्यावाक्याला खाकरले, पोट पुढे काढून मास्तर होते त्याहून जास्त मास्तर झाले, आणि मावशीने माझ्याकडे कानाचं टोकसुद्धा वळवलं नाही. दोन्ही कान मागे, बाईकडे. बाईने मागितला तेवढाच गोल, मागितली तिथेच दुडकी. बाई वरून ओरडली, "काकू, ही माझं ऐकतेय." पेन्शनरकाकांनी घोडी, बाई आणि मी, सगळ्यांना धन्यवाद दिले.

त्यानंतर मी स्वतः वर बसून बघितलं. हसू नको. चढायला तीन पायऱ्यांचा ठोकळा लागला आणि काकांचा खांदा लागला, पण वर गेल्यावर मी काही उतरायला तयार नव्हते. तुला खरं सांगते, मावशी अशी कधीच नव्हती. पूर्वी ती सुरेख चालायची, पण आपण वर बसून नुसते बघे. आता मी मांडी जराशी मिटली, की ती विचारते, हे हवंय का? मी हो म्हणते, ती देते. कँटरला मी जरा आळसाने सांगितलं, तर तिने आळसानेच दिला. जे सांगू तेवढं आणि तसं. पूर्वीपेक्षा अवघड आहे, कारण आता चूक झाली तर ती आपली. तुला ते आवडेल. तू तशीच आहेस, फुकटचं गोड लागत नाही तुला, म्हणून तर ते हरणं एवढं मनावर घेतलंस.

हॉटेलवाल्याची काळजी करू नकोस. त्याला मी आपला ठिपक्या देऊ म्हणते. ठिपक्याला उड्या जमत नाहीत, नाच जमत नाही, पण कुणी समोर फोन धरला की तो मान वळवून उभा राहतो, याची बहीण नटी असेल असं वाटतं. तळ्याकाठी त्याचं सोनं होईल. आणि मी एक आगाऊपणा केलाय, तो आत्ताच सांगून टाकते. पुढच्या महिन्यातल्या ड्रेसाजच्या स्पर्धेत मी मावशीचं नाव दिलंय, स्वार म्हणून तुझं. वाचणारा: कुणी नाही. तुझ्या नवऱ्याला माहीत आहे, पण त्याला मी दम दिलाय, तेव्हा त्याच्याशी भांडू नकोस, तो दोघींच्या मधे वाळला आहे. तू आली नाहीस तर तुझा काळा कोट घालून मीच उतरेन. कोट मला छातीवर मिटत नाही, बटणं उडून पंचाला लागतील, मग ते तुझ्या नावावर.

आता उरलं ते सांगते, आणि खरं तर तेच सांगायला हे पत्र लिहायला घेतलं. ज्या सकाळी मावशीने आवाजाकडे ढुंकूनही बघितलं नाही, त्या सकाळी मी बाईला शाबासकी दिली, घोडी मोकळ्या लगामावर चालवून थंड करा म्हटलं आणि दाण्याच्या खोलीत जाऊन पोत्यावर बसले. तिथे एकटीनेच पुन्हा एकदा खाकरून बघितलं. हुबेहूब होतं गं. ते गेले तेव्हा मी सगळ्यांना धीर दिला, तुला दिला, लेकाला दिला, घोड्यांचे दाणे एक दिवस चुकू दिले नाहीत, आणि मला वाटलं मी सावरले. पण रोज सकाळी मी त्यांचा आवाज काढायची, आणि या जगात एक जीव असा होता, की तो ऐकून चालायला लागायचा. तोवर ते माझ्या लेखी पुरते गेले नव्हते. ते चालायला लागणं मी माझ्याच तोंडाने, रोज थोडं थोडं, मोडून काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्यासाठी मोडलं, आणि पुन्हा मोडायची वेळ आली तर पुन्हा मोडीन, त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. फक्त हे कुणाला सांगायचं, ते कळेना. लेकाने तो आवाज रागावताना ऐकला, विद्यार्थ्यांनी शिकताना ऐकला. घोडीच्या पाठीवर बसून, त्या आवाजावर तरंगत गेलेली तू एकटीच. म्हणून तुला सांगितलं. घोडी द्यायची की ठेवायची ते तूच ठरव, मी आता एक शब्द बोलणार नाही. पण ठरवायला इथे ये, आणि तिच्या पाठीवर बसून ठरव. मी कडेला त्यांच्या जागेवर उभी असेन, तोंड मिटून. मावशीचे दोन्ही कान मागे असतील. काय हवंय ते तिला तू सांग.

तुझीच,
तुझ्या डाव्या टाचेवर नजर असलेली,
सासू